मागून जोडलेलं

रात्रशाळेचा फळा मीच केला.
बाकं नाहीत. ज्याने त्याने आपापलं बसकूर आणायचं,
तीही बहुतेक माझ्याच हातची.

पहिल्या रात्री बुरामा मास्तर म्हणाला,
'सिगी' म्हणजे बसणं, मागे 'लान' जोडा:
सिगीलान. बसायची वस्तू.
मी हळूच खाली हात घालून चाचपलं.
चाळीस वर्षं हेच विकतोय बाजारात,
आणि त्यातला सांधा मला कधी दिसला नव्हता.

बानी नदीवरून या दिवसांत कोरडी धूळ येते,
दिव्याच्या काचेवर बसते. बुरामा बाहीने पुसतो.
तो सेगूचा, म्हणून सेगूका;
'का' लागला की माणूस गावाचा होतो.
'या' लागला की हाती न धरता येणारं काही:
माणूस मोगो, माणुसकी मोगोया.
बाप लोखंड ठोकायचा, मी लाकूड,
आम्ही नुमु, दोघांचं मिळून एकच नुमुया.

'बाली' मात्र नकार घेऊन येतो.
'बान' म्हणजे संपणं; बानबाली, जे संपतच नाही.
'कालान' म्हणजे शिकणं; कालानबाली...
इथे मास्तरने आमच्याकडे पाठ केली
आणि पुढचं फळ्यालाच सांगितलं.

मग एका रात्री त्याने लिहिलं 'देन'. मूल.
म्हणाला, जोडा हवं ते.
देन्नीन, चिमुकलं, कुणीतरी म्हणालं.
देनबा, लेकुरवाळी, दुसरं कुणी.
आणि कोरोतुमू, पाठीला पोर बांधलेली,
उत्तर येतंय याच आनंदात ओरडली,
देन्तान!
ज्याला मूल नाही.

दिव्यावर आपटणारे किडे ऐकू यायला लागले.

सोगोना मागच्या ओळीत बसते.
शीआचं तूप घुसळून घुसळून तिचे तळवे
म्हातारपणीही लहान मुलासारखे मऊ आहेत.
दोन सवती आल्या, दोघी आज्याही झाल्या;
विहिरीवर तिचं नाव तीस वर्षं हेच,
मागचा तुकडा खिळ्यासारखा आत गेलेला.
मास्तर खडू शोधत होता,
खडू त्याच्या हातातच होता.

ती उठली. म्हणाली,
'दा' म्हणजे तोंड ना? आणि 'तुगु', मिटणं?
लाव त्याला तुझा 'लान'.
दातुगुलान. हंडीवरचं झाकण.
'असलं एक मोठं बघून विहिरीवर पाठव.'
आम्ही हसलो. कोरोतुमू सगळ्यांत शेवटी.

पण सोगोना बसली नाही.
फळ्याशी आली, खडू मागून घेतला,
आणि वाऱ्याने कलंडलेल्या बाजरीसारख्या अक्षरांत
लिहिलं 'कालान'.
थांबली. श्वास घेतला.
त्याला चिकटून, मागे, 'देन'.

कालानदेन. शिकण्याचं मूल. म्हणजे विद्यार्थी.
शब्द काही नवा नाही,
रोज सकाळी गावातली पोरं तो अंगावर घेऊन
धुळीतून पळत जातात.
पण असा खिळे काढून उघडलेला
मी पहिल्यांदाच पाहिला.

'अठ्ठावन्न वर्षांची झाले,' ती म्हणाली, 'आणि आत्ता कुठे
कुणाचं तरी मूल होतेय.'
कोरोतुमूच्या पाठीवरचं पोर रडायला लागलं,
बरंच झालं, सगळ्यांना बघायला काहीतरी मिळालं.

परतताना तिचं सिगीलान मी उचललं.
काळोखात ती म्हणाली, न्गोलो, तू आता माझा कालान-न्योगोन,
बरोबरीने शिकणारा.
पुढे दहा पावलं गेल्यावर म्हणाली,
याचा एक पाय डुगडुगतो, बघ जरा.

न्योगोन झालेल्या माणसाने
पायाचे पैसे घ्यायचे की नाहीत,
ते मास्तरने अजून शिकवलेलं नाही.